पावसाळ्यातही न अडकणारा खण: सागवानी टेबल घरच्या घरी

जुन्या टेबलाचा खण आषाढात अडकायला लागतो आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळा होतो. लोक लाकडाला नावं ठेवतात, पण चूक बहुधा आखणीची असते. खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, आडव्या धावतात, म्हणून हवेतल्या ओलाव्याने तिची उंची वाढते. ती ज्या तोंडात बसते त्याची उंची मात्र टेबलाच्या पायांवर ठरते, आणि पायांच्या रेषा उभ्या असतात. रेषांच्या दिशेने लाकूड जवळपास वाढत नाही. फळी फुगते, तोंड तेवढंच राहतं, आणि खण अडतो.

पुढची सगळी मापं आणि कामाचा क्रम यावरच बेतलेला आहे. करायचंय ते पलंगाशेजारचं टेबल: उंची चोवीस इंच, एक खण, लोखंडी चॅनेल (खण सरकवायच्या धातूच्या पट्ट्या) नाही, खिळा नाही. एखादी मांडणी किंवा स्टूल ज्यांनी केलंय त्यांना हे जमेल. पहिल्यांदाच करवत धरणाऱ्याने आधी टाकाऊ लाकडावर दोन-चार सांधे करून पाहावेत.

मापं सुताराच्या हिशेबात देतो, म्हणजे इंच आणि सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, आणि एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर.

- पाय: चार, दीड इंच चौरस, लांबी सव्वातेवीस इंच
- बाजूच्या पट्ट्या: दोन, पाच इंच रुंद, पाऊण इंच जाड, साडेबारा इंच लांब
- मागची पट्टी: एक, तशीच, पण साडेचौदा इंच लांब
- समोरच्या कांब्या: दोन, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड, खालची साडेचौदा इंच, वरची चौदा इंच
- खणाची दर्शनी फळी: साडेतीन इंच उंच, पाऊण इंच जाड, तेरा इंच लांब
- खणाच्या बाजू: दोन, साडेतीन इंच उंच, अर्धा इंच जाड, साडेबारा इंच लांब
- खणाची मागची फळी: दोन इंच पाच सूत उंच, अर्धा इंच जाड, तेरा इंच लांब
- टेबलाची वरची फळी: अठरा बाय सोळा इंच, पाऊण इंच जाड
- खणाचा तळ: सहा मिलिमीटर प्लाय

खणाच्या तुकड्यांची मापं लाकूड आणण्यापुरती धरा. प्रत्यक्ष कापताना ती कागदावरून घ्यायची नाहीत, सांगाडा उभा राहिल्यावर त्याच्या तोंडावरून घ्यायची. घाई करणारे नेमके इथेच फसतात.

लाकूड

या कामाला सागवानासारखं लाकूड नाही, कारण ओलाव्याने ते इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं. कमी हलतं म्हणजे हलतच नाही, असं मात्र नाही. लाकडातला ओलावा एका टक्क्याने वाढला की आडव्या चिरेची सागवानी फळी रुंदीत साधारण ०.१८ ते ०.१९ टक्के वाढते. उभ्या चिरेची, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर जिची वर्तुळं रुंद बाजूला काटकोनात दिसतात ती फळी, याच्या निम्म्याने. एप्रिलच्या कोरड्या हवेतून श्रावणाच्या दमट हवेत जाताना घरातल्या लाकडाचा ओलावा सहा-सात टक्क्यांनी सहज वाढतो. साडेतीन इंची दर्शनी फळीला हे लावलं तर वाढ एक मिलिमीटरच्या थोडी वर जाते. खण अडकायला तेवढी पुरते.

नवं सागवान घ्यायचं तर बल्लारपूर-आलापल्लीकडच्या मालाचं नाव मोठं आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली लाकूड गेलं तेही बल्लारपूरहूनच. एवढ्याशा टेबलाला मात्र मी जुनं सागवान पसंत करतो. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, चौकटी, दारं पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे, मुंबईत रे रोडच्या बाजूला मिळतात. इतकी वर्षं वापरात राहिलेलं हे लाकूड पुरतं वाळलेलं असतं. अडचण खिळ्यांची. काळे डाग दिसतील तिथे लोहचुंबक फिरवून पाहा, नाहीतर रंध्याच्या पात्याला दात पडलाच म्हणून समजा. बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुगा दिसला तर तो तुकडा घरात आणू नका, कितीही स्वस्त मिळो. फिकट पिवळसर कडा टाळा. कीड आधी तिथेच लागते.

लाकूड घनफुटावर विकतात. इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४, म्हणजे घनफूट. या टेबलाला छाटण धरून साधारण एक घनफूट लागतं. गिरणीवाल्याकडूनच जाडीला रंधून घ्या. हाताने सगळं करण्याची हौस चांगली, पण पाऊण इंच जाडीच्या फळ्या हाताने सपाट करताना ती तिसऱ्या फळीलाच संपते. जाडी दोन सूत जास्त ठेवून घ्या आणि घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून, चारी बाजूंनी हवा लागेल अशा रचून ठेवा. तुमच्या घराच्या हवेशी लाकूड एकदा जुळलं, की मगच गिरणीतून अंतिम मापाला आणा. दोन पिनांचा ओलावा मोजायचा मीटर घेतलात तर उत्तमच. आठ ते बारा टक्के दाखवला की कामाला लागा.

हत्यारं आणि जागा

एक मध्यम लांबीचा रंधा, दोन, चार आणि सहा सुतांच्या पटाश्या, लाकडी मोगरी, बारीक दातांची करवत, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायचं साधन), धारदार सुरी, ड्रिल मशीन आणि चार तरी लांब क्लॅम्प लागतील. आखणी पेन्सिलीने नको, सुरीने करा. सुरीच्या चिरेत पटाशी आपोआप बसते. सागवानात वाळूचा अंश असतो आणि तो धार लवकर खातो. त्यामुळे धार लावायचा दगड शेजारीच ठेवा आणि पटाशी जड वाटायला लागली की थांबून धार लावा. पात्याचा मूळ उतार पंचवीस अंश, टोकाची धार तीस अंश.

सागाचा भुसा काहींच्या कातडीला आणि नाकाला झोंबतो, शिवाय कुठल्याही लाकडाची धूळ फुप्फुसाला वाईटच. पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क हवा. गॅलरीत काम करत असाल तर मोगरीचा आवाज दुपारी दोन ते चार वर्ज्य. सोसायटीत टेबलापेक्षा शेजार जास्त टिकवायचा असतो.

सांगाडा

पाय आधी वरच्या बाजूला एक इंच जास्त लांब ठेवा. टोकाजवळ पटाशी मारताना लाकूड फाटू शकतं, म्हणून हा इंच असतो. नंतर तो कापून टाकायचा. चारही पाय एकत्र धरून वरच्या टोकांवर पेन्सिलीने एकच मोठा त्रिकोण काढा. कुठला पाय कुठे आणि कुठली बाजू समोर, हे पुढे त्यावरूनच कळतं.

बाजूच्या आणि मागच्या पट्ट्यांच्या टोकांना कुसवं, म्हणजे पायातल्या भोकात बसणाऱ्या जिभा, काढायची: दोन सूत जाड, पाऊण इंच लांब, चार इंच उंच. पट्टी पाच इंची आहे, तेव्हा वर-खाली अर्धा-अर्धा इंच खांदा सुटतो. पट्टी पायाच्या बाहेरच्या अंगाशी सपाट बसवायची. मग भोक बाहेरच्या कडेपासून दोन सुतांवर सुरू होतं आणि चार सुतांवर संपतं. मागच्या पायात दोन लगतच्या अंगांवर भोकं येतात, तरी पाऊण इंच खोलीपर्यंत ती एकमेकांना भेटत नाहीत. खोली त्यापेक्षा किंचितच जास्त, कागदाच्या जाडीएवढी, ठेवा. जास्तीच्या सरसाला जागा लागते.

भोक आधी ड्रिलने ओळीत पाडा, मग पटाशीने कडा सरळ करा. आधी भोक, नंतर कुसू. कुसू रंध्याने बारीक करता येतं, भोक लहान करता येत नाही. कुसू हाताने दाबून आत गेलं पाहिजे. मोगरीने ठोकावं लागलं तर घट्ट झालं, आणि पट्टी उलटी धरल्यावर गळून पडलं तर सैल.

समोरच्या दोन कांब्या आडव्या झोपवायच्या, म्हणजे दीड इंचाची बाजू वर आणि पाऊण इंचाची समोर. खालच्या कांबीच्या प्रत्येक टोकाला एकाशेजारी एक अशी दोन छोटी उभी कुसवं काढा, दोन-दोन सूत जाड. एकाच रुंद कुसवाने ती कालांतराने पिळवटते. वरच्या कांबीच्या टोकांना अर्धा इंच लांबीचा एकेक डोव्हटेल, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारी शेपटी, तो पायाच्या डोक्यावर वरून बसतो आणि दोन पायांना बाहेर फाकू देत नाही. हा सांधा करण्याआधी पायांचा जास्तीचा इंच कापून टाका.

आता कोरडी जोडणी. सगळं सरसाविना उभं करा, क्लॅम्प लावा आणि तोंडाचे दोन कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर तोंड काटकोनात आहे. मग आणखी एक माप, जे बरेच जण घेत नाहीत: समोरच्या दोन पायांमधलं अंतर आणि मागच्या दोन पायांमधलं अंतर. मागचं अंतर समोरच्यापेक्षा कमी असेल तर खण आत जाताना रुतेल. मागे अर्धा मिलिमीटर जास्त असलं तर बिघडत नाही, उलट सोयीचं. कमी मुळीच नको.

सरस लावताना सागवानाची एक खोड सांभाळा. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि पृष्ठभाग जुना झाला की पांढरा सरस धरत नाही. नुकत्याच रंधलेल्या लाकडावर लावा, किंवा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. दोन्ही बाजूंचे सांगाडे आधी जोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी मागची पट्टी आणि समोरच्या कांब्या घालून दोन्ही बाजू एकत्र आणा. सगळं एकाच बैठकीत चिकटवायला गेलात तर चार हात कमी पडतात. शेवटी पुन्हा कर्ण मोजा. सरस ओला असेपर्यंत क्लॅम्प थोडा तिरका लावून अर्धा सूत ओढता येतो.

खणाचा रस्ता

बाजूच्या पट्टीला आतून तीन लाकडी पट्ट्या लागतात. खालची, जिच्यावर खण सरकतो, तिचा वरचा पृष्ठभाग खालच्या कांबीशी तंतोतंत सपाट हवा. बाजूची, पाऊण इंच जाड, खणाला डावी-उजवीकडे हलू देत नाही. तिचा खणाकडचा पृष्ठभाग पायाच्या आतल्या अंगाशी सपाट यायला हवा. वरची, वरच्या कांबीच्या तळाशी समपातळीत, नसली तर बाहेर ओढलेला खण नाक खाली घालतो.

लांब पोलादी पट्टी समोरच्या कांबीवर आणि खालच्या पट्टीवर एकत्र ठेवून पाहा. प्रकाशाची रेघ दिसली तर तिथे रंधा किंवा पॉलिश पेपर. इथे दिलेला एक तास पुढे खणाला रंधा मारण्यात जाणारे तीन तास वाचवतो. या पट्ट्या पुढे एक स्क्रू, मागे एक स्क्रू, अशा लावा. झिजल्या की पुढे कधीतरी काढून बदलता येतात.

टेलिस्कोपिक चॅनेल का नको, असं विचाराल. स्वयंपाकघरातल्या भांड्यांनी भरलेल्या जड खणाला तो योग्यच. पण त्याला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. तेरा इंचांच्या तोंडातला एक इंच त्यात जातो, आणि चष्मा, औषधं नि डायरी ठेवायच्या खणाला तेवढी लोखंडी ताकद नको असते.

खण

दर्शनी फळी तोंडासमोर धरून कापा. लांबी आधी तोंडापेक्षा केसभर जास्त ठेवा आणि रंध्याने कमी करत आणा, दोन्ही बाजूंना मिळून कागदाच्या जाडीएवढी फट राहीपर्यंत. लांबीत लाकूड वाढत नाही, म्हणून इथे घट्टपणा चालतो. उंचीत हंगाम बघायचा. मार्च ते मे मध्ये करत असाल तर वर अर्धा सूत, म्हणजे दीड मिलिमीटर फट ठेवा. भर पावसात करत असाल तर कागदाएवढी फट पुरे, उन्हाळ्यात ती आपणहून वाढते. दिवाळीच्या सुमारास करत असाल तर यांच्या मधलं. विदर्भात बनवून कोकणात पाठवायचं असेल तर उन्हाळ्याच्या मापापेक्षाही थोडी जास्त ठेवा. परदेशात थंड मुलुखात राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते. त्यांचा कोरडा हंगाम जानेवारीत येतो, मे महिन्यात नाही.

मग दोन्ही बाजूंच्या फळ्या. प्रत्येक बाजू आपापल्या पट्टीवर एकटीच सरकवून पाहा आणि डावी-उजवी लिहून ठेवा. रेषा समोरून मागे जाताना पृष्ठभागाकडे चढतील अशी फळी निवडा, म्हणजे नंतर खण जोडलेला असतानाही रंधा समोरून मागे मारता येतो, लाकूड उपटत नाही. मागच्या फळीची लांबी दर्शनी फळीवरूनच आखा, टेपने मोजू नका.

समोरचे सांधे डोव्हटेलचे, शेपट्या बाजूच्या फळीवर. दर्शनी फळीत त्या आरपार न जाता पुढे दोन सूत लाकूड राखतात, म्हणून समोरून सांधा दिसत नाही. उतार आठास एक. सागवानासारख्या कठीण लाकडाला एवढा पुरतो, जास्त केला तर कोपरे तुटतात. शेपट्या आधी कापा आणि मग त्या दर्शनी फळीच्या टोकावर ठेवून सुरीने आखा. करवत नेहमी आखणीच्या टाकाऊ बाजूला, रेघ शाबूत ठेवून. कुठली शेपटी कुठे यावी याचा एकच नियम पाळा: तळाच्या प्लायची खाच सर्वांत खालच्या शेपटीतून गेली पाहिजे, नाहीतर समोरच्या सांध्यात चौकोनी भोक दिसतं.

डोव्हटेलची भीती वाटत असेल तर दर्शनी फळीच्या टोकाला आतून अर्धा इंच रुंद पायरी काढा, बाजूची फळी त्यात चिकटवा आणि बाजूने बांबूच्या तीन खुंट्या मारा. आपल्याकडच्या जुन्या सामानात अशा खुंट्या जागोजाग सापडतात. दिसायलाही वाईट नाही.

तळाची खाच बाजूंच्या आणि दर्शनी फळीच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेपासून तीन सुतांवर, सहा मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर खोल. मागच्या फळीला खाच नाही. तिची खालची कड खाचेच्या वरच्या पातळीला येते आणि प्लाय मागून आत सरकतो. तिची वरची कड बाजूंपेक्षा दोन सूत खाली ठेवा. खण ढकलताना आत अडकलेली हवा तिथून बाहेर पडते. तळाला सरस लावू नका, मागून एक छोटा स्क्रू पुरे.

जोडताना प्लाय तात्पुरता आत सरकवा. तो काटकोनात कापलेला असेल तर खणही काटकोनात धरतो. सरस वाळल्यावर खण तोंडात घाला, दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, बाहेर काढून तिरक्या उजेडात पाहा. जिथे चकाकी आली तिथे घासतंय. तेवढंच रंधा, पुन्हा घाला. एकेक पापुद्रा काढत जा. मनासारखा सरकायला लागला की खालच्या पट्ट्यांवर आणि खणाच्या खालच्या कडांवर पांढरी मेणबत्ती घासा. तेल कधीही नाही, त्याने लाकूड धूळ धरतं. आत जास्त जाऊ नये म्हणून खालच्या कांबीवर, दर्शनी फळीच्या मागे, दोन लाकडी ठोकळे चिकटवा.

वरची फळी आणि पॉलिश

वरची फळी तीन-चार पट्ट्या कडेला कड चिकटवून करा. सोळा इंच रुंदीला हंगामी फरक पाच मिलिमीटरपर्यंत जातो. ती सांगाड्याच्या पट्ट्यांना थेट स्क्रूने आवळलीत तर दोन वर्षांत मधोमध तडा जाईल. बाजूच्या आणि मागच्या पट्ट्यांना आतून, वरच्या कडेखाली एक खाच मारा, त्यात जीभ बसेल असे छोटे लाकडी ठोकळे करा आणि ते फळीला खालून स्क्रूने जोडा. समोर वरच्या कांबीतून एक स्क्रू घट्ट, म्हणजे पुढची कड जागेवर राहते आणि सगळी हालचाल मागे जाते.

पॉलिश पेपर १२०, मग १८०, मग २२०, नेहमी रेषांच्या दिशेने. सांगाड्याला आणि खणाच्या दर्शनी भागाला चपडा लाख: एक लिटर स्पिरिटला साधारण २४० ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळून. सुती फडक्याने पातळ हात, मध्ये अर्धा तास, असे चार-पाच. वरच्या फळीला मात्र लाख नको, कारण पलंगाशेजारी चहाचा गरम कप येणारच आणि लाखेवर पांढरं वर्तुळ उमटतं. तिथे फडक्याने पुसून लावायचं पॉलियुरेथेन वॉर्निश लावा, वर-खाली दोन्ही अंगांना सारखेच हात, नाहीतर एकाच बाजूने ओलावा शोषून फळी वाकते. खणाच्या आत एक हात लाख किंवा काहीच नाही. आत जवसाचं तेल लावलं तर त्याचा वास महिनोन्‌महिने कपड्यांना लागतो. आणि जवसाचं तेल कुठेही वापरलंत तर फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

पहिल्या पावसाळ्यात खण थोडा जड होईल. लगेच रंधा काढू नका. आधी मेणबत्ती पुन्हा घासून पाहा, आणि घासतोय तो वरचा काठ आहे की बाजू, हे चकाकीवरून ठरवा. वरचा काठ असेल तर दर्शनी फळीच्या माथ्यावरून एक पातळ पापुद्रा, बस. बाजू घासत असेल तर कारण बहुधा फुगणं नसतं, आतली एखादी पट्टी सरकलेली असते. खण बाहेर काढून तिचा मागचा स्क्रू सैल करा, पट्टी जागेवर आणा आणि पुन्हा आवळा. उघडी पडलेली कड लाखेने बंद करायला विसरू नका.